गंजी, नारळ आणि अजिंठा: मूर्त-अमूर्त चित्रांची पार्श्वभूमी

अमूर्त चित्रापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे काय काढलंय?" विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही. चित्र म्हणजे ओळखू येणारी वस्तू, हे शाळेपासून मनात बसलेलं असतं. पण ही समजूत वाटते तेवढी जुनी नाही, आणि खानदेशातल्या माणसाला तर तिच्याबाहेर पडायला फार लांब जावं लागत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने चढतात आणि तीच देवी होते. शिवारात एखाद्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड असतो. त्याला नाकडोळेही नसतात, तरी बायका त्याच्यापुढे तितक्याच श्रद्धेने वाकतात. एकीकडे आकाराला चेहरा दिला, दुसरीकडे आकार तसाच राहू दिला. यातलं कमी खरं कोणतं, असं इथं कुणी विचारत नाही.

दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण आपल्याला ती जळगावहून जवळ. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पाहताना एक गोष्ट सहज सुटते: ती धनुष्यासारखी भुवई, कमळाच्या पाकळीसारखा डोळा एखाद्या माणसाला समोर बसवून काढलेला नाही. चित्रकाराने आधी भाव पाहिला, मग अवयव. मान वर केली तर छतावर चौकटीमागून चौकटी: वेली, फुलं, फळं, निव्वळ नक्षी. तिथं गोष्ट नाही, लय आहे. एकाच दालनात दोन्ही प्रकारचं पाहणं शेजारी शेजारी नांदतं.

मग 'हुबेहूब'चा आग्रह कुठून आला? मला वाटतं, याचं बरंचसं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेला लेणी पडली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल यांच्यावर चित्रांच्या प्रती करण्याचं काम सोपवलं गेलं. त्यांनी त्यात आयुष्य घातलं. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये ते गेले. त्यांची कबर भुसावळला आहे. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या, आणि त्यातल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या. ही माणसं नसती तर अजिंठा जगाला इतका माहीत झाला नसता, याबद्दल मनात कृतज्ञता आहे. मात्र ज्या जे. जे. मधून ते विद्यार्थी आले, तिथं प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून छायाप्रकाश गिरवत चित्रकला शिकवली जाई. त्याच पठडीतून पुढे वास्तवदर्शी चित्र हेच उत्तम चित्र, ही कसोटी पक्की झाली.

युरोपात मात्र ती कसोटी तेव्हा ढिली पडत होती. १८९६ च्या सुमारास मॉस्कोत कँडिन्स्की यांनी, जे पुढे अमूर्त चित्रांसाठी ओळखले गेले, फ्रेंच चित्रकार मोने यांचं एक चित्र पाहिलं. त्यात काय आहे, ते त्यांना ओळखू येईना. सूचीत वाचल्यावर कळलं, ती गवताची गंजी होती. आधी अवघडल्यासारखं झालं, पण चित्र मनातून हलेना. वस्तू ओळखू न येताही रंग पकडून ठेवतात, हे त्यांना तिथं उमगलं. खळ्याशेजारी कडब्याची गंजी पाहत वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. उन्हं कलताना ती गंजी आधी रंग असते, चारा नंतर.

आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका घेतली. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं होती. पुढे ती विरत गेली आणि रोलरने, सुरीने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर उरले. 'अमूर्त' हा शब्द त्यांना पटत नसे. आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कुठल्याही वस्तूवर न बेतलेली आहेत, असं ते म्हणत.

आणि चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस. आयुष्याची बरीच वर्षं घराबाहेर फारसं न पडता त्यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून अशी छायाचित्रं घेतली, की पाहणाऱ्याला ती बाहेरच्या जगाची वाटावीत. वस्तू ओळखू येते म्हणून ती पाहिलेलीच असते असं नाही, हे मला त्यांच्या कामातून कळलं.

आजही एलिमेंटरी या शालेय चित्रकला परीक्षेला बसणारी पोरं एका पेपरात स्मरणचित्रात बाजार, विहीर, बैलगाडी काढतात आणि दुसऱ्यात संकल्पचित्रात नुसते आकार नि रंग जुळवतात. त्या दुसऱ्या पेपराला "हे काय काढलंय?" असं त्यांना कुणी विचारत नाही.