शामोनीला बर्फात जायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

'बारा दिवसांत सात देश' अशा टूर आम्हीही विकतो. पण त्यात बर्फ म्हणजे रोपवेने वर जायचं, फोटो काढायचे आणि बस सुटायच्या आत खाली यायचं. बर्फात खरंच खेळायचं असेल, मुलांना स्कीइंग शिकवायचं असेल, तर एकाच गावात पाच-सहा रात्री राहा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही शामोनी सुचवतो. फ्रान्समध्ये मों ब्लां या शिखराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव १०३५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. त्यामुळे मुक्कामात धाप लागत नाही. पहिलं हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली इथेच झालं. जिनिव्हा विमानतळावरून बसने सव्वा-दीड तासात पोहोचता येतं.

तारखा

इथेच आमचं आणि ग्राहकांचं बिनसतं. दिवाळीच्या सुट्टीत तिथे स्कीइंग सुरूच झालेलं नसतं आणि मे महिन्यात हंगाम उरकलेला असतो. नाताळात बर्फ मिळेल, पण भाव ऐकून घाम फुटेल. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शाळांना विभागवार सुट्ट्या पडतात, तेव्हा गर्दी अशी की उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेतच सकाळ संपते. आमची पसंती संक्रांतीच्या पुढेमागे. थंडी कडक, पण भाव उतरलेले आणि उतार मोकळे. शाळेतून आठवडाभराची रजा तेवढी काढावी लागेल. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट हवा असेल तर तो हंगामात बहुधा शनिवार ते शनिवार मिळतो. म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी आम्हाला विचारा.

व्हिसा

विमान जिनिव्हाला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये उतरतं. पण मुक्काम फ्रान्समध्ये जास्त, म्हणून शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज फ्रान्सकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. आम्ही दोन-अडीच महिने हाताशी ठेवतो. मोठ्यांची फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. फॉर्म आम्ही भरून देऊ, पण बोटांचे ठसे द्यायला तुम्हालाच जावं लागेल.

विमा

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पण पुष्कळ पॉलिसींमध्ये बारीक अक्षरात 'हिवाळी क्रीडा वगळून' असं लिहिलेलं असतं. व्हिसा मिळतो आणि पाय मोडल्यावर पॉलिसी कामाची नाही हे कळतं. फ्रान्समध्ये उतारावर जखमी झालेल्याला बर्फगाडीवरून खाली आणण्याचंही बिल होतं. स्कीइंगचा समावेश असलेली पॉलिसी थोडी महाग पडते. तिथे काटकसर नको.

प्रत्यक्ष स्कीइंग

उतारांना रंग दिलेले असतात: हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. पहिले दोन-तीन दिवस हिरव्यावरच, प्रशिक्षकासोबत. स्वतः शिकू म्हणणारे पहिल्या तासात फक्त पडायला शिकतात. स्की, बूट आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. दुकानदार उंची, वजन आणि बुटाचा नंबर विचारतो. वजन खरं सांगा, पडल्यावर स्की पायातून सुटण्याची कळ त्यावरच बेतलेली असते. थंडी म्हणून दोन-दोन मोजे चढवू नका, एकच उंच मोजा घाला. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. बूट घट्टच वाटणार, तसाच तो हवा. आणि जीन्स नको! आमच्या पहिल्याच ग्रुपमधले एक काका हौसेने जीन्समध्ये उतरले. तासाभरात ती भिजली, मग गोठली, आणि ते उरलेला दिवस हीटरला पाठ लावून बसले.

एक दिवस स्कीशिवाय

एग्वी द्यु मिदी या ३८४२ मीटर उंच शिखराचा रोपवे दोन टप्प्यांत वर नेतो. गावातून अवघ्या वीसेक मिनिटांत जवळजवळ पावणेतीन हजार मीटर चढण होते, त्यामुळे हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तीन वर्षांखालच्या मुलांना वर नेत नाहीत. वारा सुटला की रोपवे बंद, आणि पाच-सहा रात्रींचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच: आज हुकलं तर उद्या जाता येतं.

गावाच्या कडेला उतरणारी बोसों हिमनदी आवर्जून बघा. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान मों ब्लांवर कोसळलं. त्यात डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. ही हिमनदी त्या विमानातल्या वस्तू अजूनही हळूहळू खाली आणते. २०१२ साली आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची पिशवी सापडली होती.

खाणं

शाकाहारींनी तार्तिफ्लेत नावाच्या बटाटा-चीजच्या पदार्थापासून जपून राहावं. दिसतो निरागस, पण आत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. फोंद्यू आणि राक्लेत या वितळलेल्या चीजच्या पदार्थांमध्ये मांस नको असं सांगता येतं, मात्र तिथल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध घट्ट करायला वापरलेला, वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं. कडक पाळणाऱ्यांसाठी स्वयंपाकघराचा फ्लॅटच बरा: तांदूळ, डाळ, कुकर. रेस्टॉरंटमध्ये दुपारी दोननंतर जेवण मिळेलच असं नाही. आणि दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणा. तिथे नमस्काराशिवाय थेट भाव विचारणं उद्धटपणा समजतात.

चौकशीला येताना सगळ्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स आणा. शाळेच्या परीक्षांच्या तारखाही आणा, तारखांचं भांडण तिथेच मिटेल.