साखर काढली, आता लाडू बांधणार कोण?

'प्रोटीन लाडू' म्हणून घरोघर वळल्या जाणाऱ्या लाडवाचा एकदा हिशेब मांडून पाहू. शंभर ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, शंभर ग्रॅम बिया काढलेला खजूर, दोन्ही मिक्सरमधून फिरवून आठ लाडू. दाण्यांतून सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं येतात, खजुरातून जेमतेम दोन. साखर मात्र खजुरातून ६५ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे एका लाडवात साडेतीन ग्रॅमच्या आत प्रथिनं आणि आठ ग्रॅम साखर, चहाचे दोन चमचे. एका लाडवाचे उष्मांक शंभराच्या थोडे वर, आणि त्यांतले प्रथिनांतून आलेले सुमारे तेरा टक्के. कणकेतही प्रथिनांचा वाटा साधारण एवढाच असतो. लाडू वाईट नाही, खजुरात तंतू आहेत, पोटॅशियम आहे. पण प्रथिनं मिळावीत म्हणून तो डब्यात जात असेल, तर साध्या पोळीनेही तेवढंच काम झालं असतं.

एखादा पदार्थ खरोखर प्रथिनांचा आहे का, हे ओळखायला मला हीच कसोटी सगळ्यात उपयोगी वाटते: एकूण उष्मांकांतले किती प्रथिनांतून आले? एक ग्रॅम प्रथिनाचे चार उष्मांक, त्यामुळे गणित तोंडी होतं. मखाण्यात शंभर ग्रॅमला दहाच्या आत प्रथिनं आणि साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, म्हणजे अकरा टक्के. मखाणा मुख्यतः पिष्ट आहे, कणकेच्याही मागे. बदाम चौदा टक्क्यांच्या जवळपास, शेंगदाणे अठरा, फुटाणे चोवीस. अंडं तिशीच्या पुढे जातं. तेल काढलेल्या सोयाबीनच्या वड्या पन्नास टक्क्यांच्याही वर असतात.

पाकिटावरच्या 'हाय प्रोटीन' या शब्दांवर फार विसंबू नये. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅम घन पदार्थात दिवसाच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिनं असली की असा दावा करता येतो. २०२० साली आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, प्रौढांसाठी किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. त्याचे २० टक्के अकरा ग्रॅमसुद्धा होत नाहीत. गव्हाचं पीठही या रेषेजवळ पोचतं.

घरी करायला बसलं की खरी अडचण साखरेची येते. साखर खाऊत फक्त गोडीसाठी नसते. पाक थंड होताना घट्ट होतो आणि चिक्की, लाडू एकसंध धरतो. साखर पाणी स्वतःपाशी बांधून ठेवते, म्हणून जंतूंना आणि बुरशीला ते मिळत नाही आणि पदार्थ टिकतो. गूळ, मध, खजूर हेच काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत मधाची साखरही कमी करायच्या साखरेतच धरली आहे, तेव्हा साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला की भागलं, ही समजूत सोडून द्यावी. साखर खरोखर कमी करायची, तर बांधण्याचं आणि टिकवण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावं लागतं.

बांधण्यासाठी शेंगदाण्यातच सोय आहे. दाण्याचं जवळजवळ अर्धं वजन तेलाचं असतं. भाजलेले दाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवले की पेशी फुटतात, तेल बाहेर येतं आणि कूट ओलसर होऊन हाताला चिकटायला लागतो. या टप्प्यावर थांबायचं, लोणी होऊ द्यायचं नाही. शंभर ग्रॅम दाण्यांच्या अशा कुटात साठ ग्रॅम पंढरपुरी डाळ्यांचं पीठ, दोन-तीन खजूर, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. सात लाडू होतात. प्रत्येकात पाच ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि अडीच-तीन ग्रॅम साखर. वेलचीचा वास आणि मिठाचा कण यांमुळे तेवढी साखरही जिभेला जास्त गोड लागते. वास गोडीची आठवण जागी करतो आणि मीठ कडवटपणा दाबतं. लाडू थोडे भुसभुशीत होतात, पाकातल्या लाडवासारखे कडक नाहीत. मला ते तसेच आवडतात.

दाण्यांबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं, ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही. शिवाय कुटलेल्या दाण्याचं तेल हवेने आणि उजेडाने लवकर खवट होतं, म्हणून हे लाडू थोडेच करून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावेत.

टिकवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पाणीच काढून टाकणं. आपले भडभुंजे हेच तर करतात. हरभऱ्याला पाणी मारून, गरम करून, मुरू देऊन मग तापलेल्या वाळूत टाकलं की आतल्या पाण्याची वाफ होते, दाण्याला आतून रेटते आणि सालीला तडा जातो. दाणा पोकळसर, कुरकुरीत होतो. भाजताना प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा यांची प्रक्रिया होऊन तो खमंग वास तयार होतो. त्यात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल थोडं खर्ची पडतं, पण कडधान्यात लायसिन मुळातच भरपूर असल्याने ते परवडतं. जाळू मात्र नये. घरी वाळू नसली तरी चालतं: हरभरे रात्रभर भिजवून, फडक्यावर पसरून वरचं पाणी पुरतं सुकवून, जाड कढईत मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतायचे. घाई करून आच वाढवली की बाहेरून करपतात आणि आत ओल राहते. मग दोन दिवसांत मऊ पडतात. तिखट, आमचूर, हिंग शेवटी लावावं. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे फुटाणे किंवा दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी पीठच बरं.

मटकीला मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात, असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. मटकी पाणी पिऊन फुगते, म्हणून शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत वीसेक ग्रॅम असलेली प्रथिनं आता अडीचशे ग्रॅम उसळीत पसरतात. मोडांचा फायदा वेगळा आहे: क जीवनसत्त्व तयार होतं, पोटात वायू करणाऱ्या शर्करा घटतात, आणि लोह अडवून धरणारं फायटेट कमी झाल्याने लोह जास्त शोषलं जातं. मोड येतात त्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात, म्हणून चाट करण्याआधी मोडांना चांगली वाफ द्यावी.

ओल्या खाऊत माझी पसंती चक्क्याला. दही लागताना जंतू दुग्धशर्करेचं आम्ल करतात, आंबटपणा वाढून पीएच ४.६ च्या आसपास उतरला की केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाचे कण एकमेकांना धरून जाळं विणतात. फडक्यात टांगल्यावर पाण्याबरोबर त्यात विरघळलेली दुग्धशर्करा निथळून जाते, जाळं मागे राहतं. आपण दूध उकळतो, याचाही इथे फायदा होतो. उकळण्याने निवळीतली, म्हणजे एरवी पाण्याबरोबर निघून जाणारी प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात, म्हणून तीही बरीचशी फडक्यातच राहतात. एक लिटर दुधात ३२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्यातून निघणारा तीनेकशे ग्रॅम चक्का त्यांतली बहुतेक धरून ठेवतो. शंभर ग्रॅमला नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं, तीन-चार ग्रॅम दुधाची स्वतःची साखर. याच चक्क्यात त्याच्या वजनाइतकी साखर घालून आपण श्रीखंड करतो. श्रीखंड सणाला असू द्या, पण रोजच्या वाटीत लसूण, भाजलेलं जिरं, मीठ, वरून मिरचीची फोडणी, आणि सोबत काकडी-गाजर पुरे आहे.

चक्क्यावर चमचाभर मेतकूट भुरभुरलं तर फारच छान. कडधान्यात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, धान्यात लायसिन कमी. डाळींबरोबर गहू-तांदूळ भाजून दळलेल्या मेतकुटात एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आणि दुधात दोन्ही असतात.

चक्क्यात वरून घातलेली साखर नाही, पाणी भरपूर आहे, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. निथळलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात कॅल्शियम उतरलेलं असतं. थालीपिठाची भाजणी त्याने भिजवली की वर दही घालावं लागत नाही.