चेनसॉ दम धरत नसेल, तर आधी सायलेन्सर उघडा

एप्रिल-मे आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत पावसाळ्याआधीच्या छाटणीची घाई सुरू होते. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या वाढलेल्या फांद्यांवर सोसायट्यांच्या आवारात चेनसॉ चालू लागतात आणि नेहमीची तक्रारही येते: ‘मशीन चालू होतं, पण लाकडात घातलं की बसतं.’ मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतो. तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो.

मुळात दोष इंजिनाचाच आहे का, हे आधी पाहावं. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा. भुसा पडत असेल आणि मशीन दाबून कापावं लागत असेल, तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. शहरातल्या झाडांत पाट्यांचे खिळे आणि रोषणाईच्या तारा रुतलेल्या असतात; एका खिळ्यावर चेन घासली की धार गेलीच. .३२५ पिचच्या (पिच म्हणजे कड्यांच्या अंतराचं माप, इंचात) चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते, कोन साधारण ३० अंश. प्रत्येक दातापुढचा उंचवटा दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली हवा. तो तसाच उंच राहिला तर धार लावूनही दात लाकडात शिरत नाही. इंजिन जोरात फिरतंय पण चेन थांबते, असं असेल तर इंजिनाची ताकद चेनला देणारा क्लच घसरतोय.

याउलट मशीन एका झटक्यात चालू होतं, संथ गतीला छान चालतं, पण पूर्ण रेस दिली तरी वर चढत नाही, असं असेल तर संशय सायलेन्सरवर घ्यावा. बहुतेक लोक इथेच फसतात. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, मग बाहेर जाणाऱ्या धुराचा ताकदीशी काय संबंध?

टू-स्ट्रोक इंजिनाला मोटारीसारख्या झडपा (व्हॉल्व्ह) नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन त्या उघडतो-झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धूर जाण्याची खिडकी उघडते आणि सिलिंडरमधला दाब उतरतो. लगेच मागोमाग बाजूच्या खिडक्या उघडतात आणि पिस्टनखाली दाबलं गेलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर घुसतं. धूर पूर्ण जाण्याआधीच ताजं मिश्रण येतं, आणि तेच उरलेल्या धुराला बाहेर ढकलतं. ठाणे स्टेशनात लोकलच्या एकाच दारातून उतरणं आणि चढणं एकदम चालतं, तसंच हे. उतरणाऱ्यांची वाट अडली की चढणारेही अडकतात. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ५ मिलिसेकंद. धुराची खिडकी फेऱ्यातल्या साधारण १६० अंशांपुरती उघडी, म्हणजे जेमतेम २.२ मिलिसेकंद. एवढ्या वेळात वाट मोकळी झाली नाही, तर जळलेला वायू सिलिंडरमध्येच राहतो आणि ताज्या मिश्रणाची जागा खातो. संथ गतीला वायू थोडा आणि वेळ भरपूर, म्हणून तिथे काहीच जाणवत नाही.

वाट अडवतो तो कार्बन. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. तेलाची काजळी आधी तिथे साचते. इंजिन पूर्ण गार करा, प्लगची टोपी काढा, जाळी सोडवा आणि तारेच्या ब्रशने घासा. उजेडासमोर धरल्यावर प्रत्येक छिद्र दिसलं पाहिजे. जाळी काढून फेकण्याचा सल्ला ऐकू नका. येऊरच्या पायथ्याशी मार्च महिन्यात वाळक्या गवतावर एक ठिणगी पुरते.

मग सायलेन्सर उतरवा आणि धुराच्या खिडकीत टॉर्च मारा. दोरी हळू ओढून पिस्टनने खिडकी झाकून घ्या, म्हणजे खरवडलेला कार्बन सिलिंडरमध्ये पडणार नाही. कडेचा थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. लोखंडी टोक पिस्टनवर ओरखडा पाडतं. पिस्टनही नीट पाहून घ्या. त्यावर उभे, खोल चरे असतील तर मशीन तेलाविना तापलेलं आहे आणि सफाईने ताकद परतणार नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये तयार करतो तो दाब, ९० पीएसआयच्या खाली असेल तर रिंग-पिस्टनचाच खर्च आहे.

कार्बन होतो जास्त किंवा चुकीच्या तेलाने, आणि तासन्‌तास अर्ध्या रेसवर चालवल्याने. पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिन टिकतं’ हा समज खोटा आहे. वाढीव तेल पेट्रोलची जागा घेतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि काजळी वाढते. ‘पॉवर बूस्टर’च्या बाटल्यांवरही पैसे घालवू नका, बुजलेली जाळी कुठल्याही थेंबांनी उघडत नाही.

पेट्रोलचा मात्र खरा प्रश्न आहे. पंपावरच्या ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि अनेक चेनसॉ उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये ओल भरपूर मिळते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात, तेल वर पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर नेमका तळाशी असतो, त्यामुळे इंजिनाला तेल नसलेला थर आधी मिळतो. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा, आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा.

दहा मिनिटं नीट चालून मग दम जात असेल तर टाकीचं झाकण क्षणभर सैल करून पाहा. मशीन लगेच सुधारलं तर हवा घेणारं छिद्र बुजलं आहे. तेही ठीक असेल, एअर फिल्टर आणि टाकीतला फिल्टर साफ असतील, प्लगचं अंतर ०.५ मिमी असेल, तरच कार्बोरेटरच्या ‘एच’ स्क्रूकडे, म्हणजे पूर्ण रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूकडे वळा. तो आत फिरवला की फेरे वाढतात आणि मशीन तेज झाल्यासारखं वाटतं, पण त्याच वेळी पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी होतं. मोकळ्या पूर्ण रेसवर आवाज किंचित फुटका हवा आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हावा. फेरे मोजणारा टॅकोमीटर हाताशी असेल तर पुस्तिकेत दिलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर जाऊ नका.