सीमाशुल्क परतावा (बेळगाव सीमाभाग)

आयात मालावर देय रकमेपेक्षा जास्त भरलेले सीमाशुल्क सरकारकडून परत मिळवण्याची कायदेशीर रीत. भारतात ती सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २७ खाली येते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले मराठी उद्योजक तिला सरळ ‘कस्टमचा रिफंड’ म्हणतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि हायड्रॉलिक सुट्या भागांचे कारखाने यांना यंत्रे, व्हॉल्व्ह, बेअरिंगे बाहेरून मागवावी लागतात, म्हणून विषय इथल्या जिव्हाळ्याचा आहे.

शब्द व पूर्वपीठिका : जुना शब्द जकात. तो मूळ अरबी असून धर्मादाय वाटा हा त्याचा पहिला अर्थ. मराठीत तो फारसीच्या वाटेने आला असे सामान्यतः मानतात. धर्मदानाचा शब्द मालावरच्या कराला केव्हा लागला, हे नेमके सांगणे अवघड आहे. मराठेशाहीच्या कागदांत माल भरण्याच्या ठिकाणी घ्यायचे थळभरीत आणि विकण्याच्या ठिकाणी घ्यायचे थळमोड असे जकातीचे दोन प्रकार आढळतात. काही जण आजच्या सीमाशुल्काची मुळे त्यांत शोधतात. पण थळभरीत-थळमोड ही वाटमार्गावरची, अंतर्गत वसुली होती. तिचे नाते पुढच्या नगरपालिका जकातीशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. नाक्यावर भरलेली जकात माल हद्दीबाहेर गेल्याचे दाखवून परत घेण्याची सोय त्या जकातीत असे. कर्नाटकात ही नगरपालिका जकात १९७९ मध्ये बंद झाली.

अधिकारक्षेत्र : परतावा मागायचा तो शुल्क भरले त्या सीमाशुल्क कार्यालयात. कारखाना कर्नाटकात असला तरी माल न्हावाशेवा किंवा मुरगाव बंदरात सुटला असेल, तर अर्ज तिथेच जातो. अपिलीय न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ आणि पुढे मुंबई उच्च न्यायालय (गोव्यासाठी त्याचेच गोवा खंडपीठ) हा त्याचा मार्ग. जीएसटीचे काम बेळगावात होते म्हणून अनेक जण हा अर्जही तिथेच होईल असे समजतात, आणि त्या समजुतीत मोलाचे महिने जातात.

मुदत आणि क्रम : कलम २७ प्रमाणे शुल्क भरल्यापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. शुल्क हरकत नोंदवून भरले असेल, तर ही मर्यादा लागू नाही. मात्र हरकत भरतानाच लेखी हवी. अपिलाच्या निकालामुळे परतावा निघत असेल, तर वर्ष निकालाच्या तारखेपासून मोजतात.

खरी अडचण क्रमाची आहे. २०११ पासून आयातदार स्वतःच शुल्क आकारून बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे नोंदपत्र) दाखल करतो. ही स्वआकारणी म्हणजे ‘आदेश’ नव्हे, तेव्हा ती न बदलता थेट परतावा मागता येतो, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे रूढ झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी विरुद्ध केंद्रीय उत्पादनशुल्क आयुक्त, कोलकाता या प्रकरणात १८ सप्टेंबर २०१९ रोजी ते नाकारले. स्वआकारणी हाही आदेशच. आधी तो अपिलाने किंवा कायद्यातील अन्य तरतुदीने बदलून घ्यावा, मगच परतावा. अपिलाची मुदत ६० दिवस, सबळ कारण दाखवल्यास आणखी ३० दिवस. म्हणजे परताव्याला वर्ष आहे या भरवशावर बसणाऱ्याची अपिलाची वाट तीन महिन्यांतच बंद होते.

‘अन्य तरतुदी’ कोणत्या यावर मतभेद झाले. कलम १४९ ची (दाखल कागदपत्रांतली) दुरुस्ती केवळ किरकोळ चुकांसाठी आहे, असा विभागाचा पवित्रा असे. मुंबई उच्च न्यायालयाने डायमेन्शन डेटा प्रकरणात (२०२१) कलम १४९ व १५४ (लेखनातल्या व हिशेबातल्या चुकांची दुरुस्ती) हेही आकारणी बदलण्याचे मार्ग मानले. आयटीसी निकालाच्या शब्दांशी हाच अर्थ जुळतो. माल सोडवताना अस्तित्वात असलेल्या कागदांचा आधार मात्र लागतोच. २०२५ च्या वित्त अधिनियमाने कलम १८-अ आणून माल सुटल्यावर नोंद स्वतःहून सुधारण्याची वाट दिली. सुधारित नोंदीतून निघणारा परतावा कलम २७ खालचा दावा समजला जातो.

अनुचित समृद्धी : जास्तीचे शुल्क गिऱ्हाइकाकडून वसूल झाले असेल, तर रक्कम आयातदाराला न मिळता ग्राहक कल्याण निधीत जाते. ही अट १९९१ च्या दुरुस्तीने आली. मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९९६ मध्ये ती उचलून धरली. आणलेला माल न विकता कारखान्यातच वापरला तरी ती लागू राहते, हे सोलर पेस्टिसाइड्स निकालाने (२०००) ठरले. फौंड्रीवाल्यांना हाच निकाल सर्वांत जड जातो, कारण भार पुढे गेला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे आयातदाराने सिद्ध करायचे असते.

समजा, १० लाख रुपये मूल्याच्या पंपावर मूळ शुल्क ७.५ टक्के असताना १० टक्के भरले. फरक २५,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २,५०० रुपये. मागणी २७,५०० रुपयांची. या रकमेवर १८ टक्क्यांनी भरलेला ४,९५० रुपयांचा आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी) सहसा जीएसटीतच वजावट म्हणून घेतलेला असतो. तो पुन्हा मागू नये. आता हे २७,५०० रुपये वहीत खर्चात टाकले असतील, तर अधिकारी म्हणतो, ते तुमच्या मालाच्या किमतीत शिरले. ‘सीमाशुल्क विभागाकडून येणे’ असे ताळेबंदात दिसले पाहिजे आणि सीएचे प्रमाणपत्र त्याच्याशी जुळले पाहिजे. अर्ज सीएचएच्या (माल सोडवून देणाऱ्या कस्टम एजंटाच्या) हाती सोपवून ही नोंद मागाहून करू म्हणणाऱ्यांचे दावे इथेच अडतात.

इतर प्रकार : सदोष माल न वापरता परत पाठवला किंवा नष्ट केला, तर कलम २६-अ, अर्जाची मुदत सहा महिने. शुल्क भरलेला माल दोन वर्षांत परदेशी परत गेल्यास कलम ७४ खाली ९८ टक्क्यांपर्यंत परतफेड मिळते. वापरलेल्या मालाला दर कमी. १०० रुपयांखालील परतावा दिला जात नाही.

व्याज : अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न दिल्यास कलम २७-अ प्रमाणे व्याज लागते, दर ६ टक्के. मोजणी पूर्ण अर्जाच्या पोचेपासून होत असल्याने तारखेचा शिक्का असलेली पोच बिल ऑफ एंट्रीच्या प्रतीबरोबर जपून ठेवावी लागते.