शेवटून पहिला, तरी ‘किती जोरात पळालो!’

पाच वर्षांच्या मुलांची धावण्याची शर्यत बघा. सगळ्यात शेवटी आलेला मुलगा धापा टाकत येतो आणि छाती फुगवून सांगतो, “मी किती जोरात पळालो!” तो थापा मारत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. त्यालाच दहाव्या वर्षी विचारा. “मला नाही जमत पळायला,” म्हणेल आणि कदाचित शर्यतीत उतरणारही नाही. मधल्या काळात पाय लांब झाले, वेग वाढला. मग बिघडलं कुठे?

‘खेळलं की आत्मविश्वास वाढतो’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते कुणी तपासतच नाही. खरं तर ज्याला ‘जमतं’ असं वाटतं तोच जास्त खेळतो, असंही तितकंच खरं आहे. पण ‘वाटतं’ हे मोजायचं कसं? सुसान हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये त्यासाठी एक छान युक्ती छापली. ‘तुला खेळ चांगला येतो का?’ असं थेट विचारलं की मूल समोरच्याला आवडेल तेच उत्तर देतं. म्हणून त्यांचा प्रश्न साधारण असा: काही मुलांना खेळ चांगले जमतात, काहींना वाटतं आपल्याला ते नीट जमत नाहीत, तू कुठल्या मुलांसारखा? बाजू निवडल्यावर पुढचा प्रश्न: अगदी तसाच, की थोडाफार? दोन्ही बाजूंना ‘काही मुलं’ आहेतच, त्यामुळे कबुली द्यायला लाज वाटत नाही.

1989 मध्ये फॉक्स आणि कॉर्बिन या संशोधकांनी या ‘वाटण्याचे’ कप्पे पाडले, आधी कॉलेजच्या तरुणांसाठी; मुलांसाठीची आवृत्ती नंतर आली. खेळातलं कौशल्य, दमसास, ताकद आणि दिसणं हे चार कप्पे. त्यांच्या वर ‘माझं शरीर एकूण ठीक आहे’ ही भावना आणि तिच्याही वर सगळा आत्मसन्मान. धावण्याचा परिणाम वरच्या मजल्यावर थेट पोचत नाही, जिन्याने जातो: आधी दमसास, मग शरीराबद्दलचं मत, मग आत्मसन्मान. प्रत्येक पायरीवर तो थोडा झिरपून जातो. आणि कप्पे वेगवेगळे, म्हणूनच उत्तम पोहणारी मुलगी ‘दिसणं’ या कप्प्यात स्वतःला नापास करू शकते.

आता माझा आवडता भाग. मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी मुलांना दोन मुलांची गोष्ट दाखवली: दोघांना गुण सारखे, पण एक राबला आणि दुसऱ्याने टिवल्याबावल्या केल्या. हुशार कोण? लहानग्यांचं उत्तर: जो राबला तो. त्यांच्या लेखी मेहनत आणि क्षमता एकच. साधारण अकरा-बाराव्या वर्षी हे दोन धागे सुटे होतात आणि उत्तर उलटतं: न राबता जमलं, म्हणजे तोच हुशार! हे मैदानावर आणून बघा. आता घाम गाळणं हाच ‘मुळात जमत नाही’ याचा पुरावा ठरतो. जीव तोडून पळून शेवटी येण्यापेक्षा मुद्दाम रेंगाळत, हसत-खिदळत शेवटी येणं सुरक्षित, कारण मग ‘मी प्रयत्नच केला नाही’ म्हणता येतं. ज्याला आपण आळशी म्हणतो, तो पुष्कळदा स्वतःबद्दलचं मत जपत असतो.

त्याच्या खूप आधी, सात-आठ वर्षांपासून, मूल स्वतःला शेजारच्याशी ताडून बघायला लागलेलं असतं. ही मोजपट्टीही सरळ नसते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी दाखवलेली गंमत अशी की तेवढ्याच कुवतीचं मूल तगड्या गटात स्वतःला कमी लेखतं, साध्या गटात भारी समजतं. त्यात वयाचा घोळ. एका वर्गातल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं. आठव्या वर्षी ते आयुष्याच्या आठव्या हिश्श्याजवळ जातं. कॅनडाच्या आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी का, याचं उत्तर 1985 च्या सुमारास इथेच सापडलं: वयोगट जानेवारीपासून मोजले, की ही मुलं आपल्या गटात सगळ्यात थोरली ठरतात. त्यामुळे बोटांच्या ठशांवरून ‘तुमच्या मुलात कुठला खेळ आहे’ सांगणाऱ्यांना पैसे देण्याआधी निदान जन्ममहिना बघा. तो फुकट कळतो आणि ठशांपेक्षा जास्त सांगतो.

2008 मध्ये संशोधक स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी एक चक्र मांडलं: कौशल्य, ‘जमतं’ ही भावना आणि हालचाल एकमेकांना वर खेचतात किंवा खाली ढकलतात. पुढच्या अभ्यासांत खरं कौशल्य आणि वाटणारं कौशल्य यांचं नातं दिसलं, पण बरंच सैल. म्हणजे चांगलं खेळणारं, तरीही स्वतःला ‘ढ’ समजणारं मूल दुर्मीळ नाही. त्याला “अरे, तू भारी आहेस” सांगून फारसा उपयोग नाही. शेजारी कोण किती उंच उडतं ते त्याला दिसतंय.

मात्र मोजपट्टी बदलता येते. भिंतीपाशी उभं राहून उडी मारायची, बोटाला लावलेल्या खडूची खूण जिथे उमटेल तिथे तारीख लिहायची. पुढच्या आठवड्यात तुलना फक्त त्या खुणेशी. प्रत्येकाची खूण वेगळ्या रंगाची, आणि शेजाऱ्याची जमल्यास दुसऱ्या भिंतीवर.