टिल्टरोटर विमान

पंखांच्या टोकांवरचे मोठे रोटर आकाशाकडे रोखून हेलिकॉप्टरसारखे सरळ वर उठणारे आणि वर गेल्यावर तेच रोटर पुढे झुकवून पंख्याच्या विमानासारखे उडणारे वायुयान म्हणजे टिल्टरोटर. लष्करी सेवेत मोठ्या संख्येने आलेले या जातीचे यान एकच आहे, ते म्हणजे अमेरिकेच्या बेल आणि बोईंग या कंपन्यांनी मिळून बनवलेले व्ही-22 ऑस्प्रे. अमेरिकेबाहेर ते फक्त जपानने घेतले असून भारतीय सैन्यदलांकडे टिल्टरोटर नाही.

या यानाची गरज हेलिकॉप्टरच्या एका मूलभूत मर्यादेतून निर्माण झाली. हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक ताशी साधारण 750 किलोमीटर वेगाने फिरते. हेलिकॉप्टर ताशी 300 किलोमीटरने पुढे जाऊ लागले, की पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा ताशी 1,050 किलोमीटरने भिडते आणि मागे जाणाऱ्या पात्याला जेमतेम 450 किलोमीटरने. वेग आणखी वाढवला तर एका बाजूचे पाते ध्वनीच्या वेगाजवळ जाते आणि दुसऱ्या बाजूच्या पात्याची उचल नाहीशी होऊ लागते. म्हणूनच खास बदल केलेल्या लिंक्स हेलिकॉप्टरने 1986 मध्ये केलेला विक्रमही ताशी 400.87 किलोमीटरचाच आहे. टिल्टरोटरचे रोटर पुढे झुकले की उचल देण्याचे काम पंखांकडे जाते, रोटर फक्त पुढे ओढतो आणि ही अडचण उरत नाही. ऑस्प्रे ताशी 500 किलोमीटरच्या आसपास पोहोचते.

बेलच्या एक्सव्ही-3 या प्रायोगिक यानाने 1955 मध्ये आणि एक्सव्ही-15 ने 1977 मध्ये पहिले उड्डाण केले होते. मात्र लष्कराची निकड पुढे आली ती एप्रिल 1980 मध्ये, इराणमधील ओलिसांच्या सुटकेची अमेरिकी मोहीम वाळवंटात फसली तेव्हा. लांबच्या पल्ल्यावर निघालेली हेलिकॉप्टरे एकामागून एक निकामी झाली, मोहीम सोडून द्यावी लागली आणि परतीच्या तयारीत झालेल्या टकरीत 8 सैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुरू झालेल्या कार्यक्रमातून ऑस्प्रे घडले. त्याचे पहिले उड्डाण 19 मार्च 1989 रोजी झाले आणि 2007 मध्ये ते मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या सेवेत आले.

ऑस्प्रेचे सुमारे 6,150 अश्वशक्तीचे प्रत्येकी एक इंजिन पंखाच्या दोन्ही टोकांवरील नॅसेलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कवचात, बसवलेले असते आणि संपूर्ण नॅसेलच फिरते. दोन्ही रोटर पंखातून जाणाऱ्या शाफ्टने जोडलेले असल्याने एक इंजिन बंद पडले तरी उरलेले इंजिन दोन्ही रोटर फिरवू शकते. विमानाच्या स्थितीत रोटरचा वेग सुमारे 84 टक्क्यांवर आणला जातो. रोटरचा व्यास 11.6 मीटर असल्यामुळे त्या स्थितीत धावपट्टीवर चाके टेकवली तर पाती जमिनीवर आपटतील. म्हणून धावत उतरायचे असले तरी नॅसेल वर उचलूनच उतरावे लागते.

टिल्टरोटरची सगळी तडजोड या रोटरच्या आकारात आहे. विमानाचा पंखा म्हणून तो फार मोठा आणि हेलिकॉप्टरचा रोटर म्हणून लहान पडतो. चिनूक या मालवाहू हेलिकॉप्टरच्या 18.3 मीटर व्यासाच्या दोन रोटरांच्या तुलनेत ऑस्प्रेच्या रोटरांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 40 टक्के भरते, पण सरळ वर उठताना पेलायचे कमाल वजन मात्र जवळपास तेवढेच, 23 ते 24 टनांचे असते. साहजिकच त्याचा खाली येणारा झोत कितीतरी जोरदार असतो. शिवाय रोटरखालचा पंख त्याच झोताला अडवून उचलीचा काही भाग वाया घालवतो.

मराठवाड्याच्या पठारावर आपत्तीत मदत पोहोचवण्याच्या संदर्भात ही तुलना अधिक स्पष्ट होते. छत्रपती संभाजीनगर ते किल्लारी हे हवाई अंतर सुमारे 240 किलोमीटर आहे. ते कापायला एमआय-17 हेलिकॉप्टरला तासाहून थोडा अधिक वेळ लागेल, तर टिल्टरोटरला अर्धा तास पुरेल. ‘सी-130जे’ हे मालवाहू विमान त्याहूनही वेगवान आणि दुपटीहून अधिक माल नेणारे आहे, पण त्याला उतरायला धावपट्टी लागते. मात्र गावावर पोहोचल्यानंतरचे काम वेगळे असते. ज्या वस्तीत घरावरचे पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेले असतात, तिच्यावर ऑस्प्रेसारखे यान तरंगत ठेवणे धोक्याचे ठरेल. पुरात छतावर अडकलेल्या माणसाला दोराने वर घेण्यासाठी हेलिकॉप्टरच बरे. वैशाखातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात हवा विरळ होऊन दोन्ही यानांची उचल घटते, पण लहान रोटरावर जास्त भार पेलणाऱ्या टिल्टरोटरला त्याची झळ अधिक बसते. नांगरलेल्या काळ्या रानात उठणारा धुरळाही किरकोळ नव्हे: 2015 मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवर उतरताना इंजिनात धूळ गेल्यामुळे एक ऑस्प्रे कोसळले होते.

सुरक्षिततेचा प्रश्न या यानाबाबत कायम चर्चेत राहिला आहे आणि ती चर्चा रास्त आहे. एप्रिल 2000 मध्ये ॲरिझोनातील माराना येथे वेगाने खाली उतरणारे ऑस्प्रे आपल्याच झोताच्या भोवऱ्यात सापडले आणि 19 मरीन ठार झाले. हा धोका हेलिकॉप्टरलाही असतो. पण एकाच रोटरची उचल गेली तर टिल्टरोटर कुशीवर उलटते. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या अपघाताचे कारण क्लच निसटून झटक्याने पुन्हा बसणे हे होते, तर नोव्हेंबर 2023 मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ गिअरबॉक्समधील बिघाडामुळे 8 जणांचा जीव गेला आणि सगळी ऑस्प्रे काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. इंजिने बंद पडल्यावर रोटर मोकळा फिरवत अलगद उतरण्याची हेलिकॉप्टरची सोय येथे नावापुरतीच आहे.

बेलच्या पुढच्या पिढीतील व्ही-280 व्हॅलर या टिल्टरोटरने 18 डिसेंबर 2017 रोजी पहिले उड्डाण केले. त्यात इंजिन आडवे स्थिर राहते आणि फक्त रोटर व त्याचा गिअरबॉक्स फिरतो, त्यामुळे इंजिनाचा तप्त वायू जमिनीवर न आदळता मागे जातो आणि सैनिकांना बाजूच्या दारांतून उतरणे सोपे जाते. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांच्या काही भागाची जागा घेण्यासाठी अमेरिकी भूदलाने डिसेंबर 2022 मध्ये त्याची निवड केली.