दायमाबादच्या कांस्यशिल्पांची कालनिश्चिती

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेल्या चार धातुशिल्पांचा काळ ठरविण्याचा प्रश्न भारतीय पुरातत्त्वात बराच चर्चिला गेला आहे. प्रवरेच्या डाव्या तीरावरचे हे गाव आज उजाड आहे. तेथील पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये प्रथम नोंदविले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने म. न. देशपांडे (१९५८-५९), एस. आर. राव (१९७४) व एस. ए. साळी (१९७५-७६ ते १९७८-७९) यांनी तेथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा (हडप्पा म्हणजे सिंधू संस्कृतीचा उत्तरकाळ), दायमाबाद, माळवा व जोर्वे असा पाच संस्कृतींचा क्रम त्यांतून हाती आला.

शिल्पे चार : दोन बैल जुंपलेला व उभा सारथी असलेला रथ (लांबी सु. ४५ सेंमी.), रेडा, गेंडा व हत्ती. चारही भरीव ओतीव असून त्यांचे एकत्रित वजन ६० किग्रॅ.हून अधिक भरते. रथाच्या दांडीवर कुत्रा उभा आहे. हत्तीच्या बैठकीला आस अडकविण्याची भोके आहेत; चाके मात्र मिळाली नाहीत.

वादाचे मूळ शोधाच्या प्रकारात आहे. हा निधी (पुरून ठेवलेला ठेवा) उत्खननात सापडलेला नसून स्थानिक शेतकऱ्याला खणताना लाभला. लगतच्या स्तरांशी त्याचा मेळ घालून साळी, म. के. धवलीकर आदी अभ्यासकांनी तो उत्तर हडप्पा काळातील (इ. स. पू. सु. २०००च्या आसपास) मानला. त्या थरात सिंधू लिपीतील अक्षरे असलेल्या मातीच्या मुद्रा व खापरे मिळाली आहेत. हत्ती व गेंडा सिंधू मुद्रांवर वारंवार दिसतात. हडप्पा व चन्हुदडो येथे धातूच्या छोट्या गाड्याही सापडल्या आहेत. तथापि निधी पुरण्यासाठी खड्डा घेतला जातो आणि तो वरच्या, म्हणजे नंतरच्या, थरातून खाली उतरलेला असू शकतो. त्यामुळे वस्तू ज्या खोलीवर मिळाली तिच्यावरून वस्तूचा काळ सरळ सिद्ध होत नाही.

धातूचा काळ थेट मोजण्याचे साधन नाही. कार्बन-१४ पद्धतीला कोळसा, धान्य, हाड असा सेंद्रिय पदार्थ लागतो. पोकळ ओतीव मूर्तीत आतला मातीचा गाभा ओतकामाच्या वेळी भाजून निघतो व कधीकधी तो आत शिल्लक राहतो; त्याच्यावर तप्तदीपन पद्धती (माती पुन्हा तापविल्यावर निघणारा प्रकाश मोजून ती केव्हा भाजली ते ठरविणे) वापरून ओतकामाचा काळ काढता येतो. दायमाबादची शिल्पे भरीव असल्याने ही वाटही बंद आहे. उरते ते धातूच्या घटकांचे विश्लेषण.

डी. पी. अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे विश्लेषण केले असता आर्सेनिकचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक आढळले. इतर ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड यांची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) वस्तूंत आर्सेनिकचे असे मिश्रण दिसत नाही, या आधारे त्यांनी ही शिल्पे ऐतिहासिक काळातील असावीत असे मत मांडले. त्याला आणखी एक गोष्ट पूरक ठरते. दख्खनमधील ताम्रपाषाण वसाहतींत तांबे दुर्मिळ होते व त्याच्या वस्तू बहुधा कुऱ्हाडी, छिन्न्या, मणी, बांगड्या अशा लहान असत. त्या मानाने येथील धातूची राशी फारच मोठी आहे.

हा पुरावा महत्त्वाचा असला, तरी निर्णायक वाटत नाही. मोहें-जो-दडो येथील काही ताम्रवस्तूंत आर्सेनिक आढळते, त्यामुळे त्याची उपस्थिती हडप्पा परंपरेच्या विरोधात जात नाही. आर्सेनिक मुद्दाम मिसळले की धातुकातून आपोआप आले, हे केवळ टक्केवारीवरून कळत नाही. शिवाय ते ओतकामात थंड होताना पृष्ठभागाकडे सरकून साचते. म्हणून नुसत्या पृष्ठभागावर क्ष-किरणांनी घेतलेले मापन आतल्या प्रमाणापेक्षा जास्त येऊ शकते. आतून बारीक छिद्र पाडून काढलेला कीस अधिक विश्वसनीय ठरतो. उलट धातू पुनःपुन्हा वितळविल्यास आर्सेनिक वाफेच्या रूपाने उडून जाते. मोडीच्या धातूत म्हणूनच त्याचे प्रमाण घटलेले आढळते. एकंदरीत घटकांवरून ओतकामाची रीत व धातूचे मूळ यांविषयी अनुमान करता येते, काळाविषयी ते दुरूनच बोलतात. अशा स्थितीत शैली व स्थळाचा संदर्भ यांचे पारडे जड धरून उत्तर हडप्पा कालखंड अधिक संभाव्य मानणे युक्त दिसते.

धातूच्या उगमासाठी शिशाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचे) गुणोत्तर तपासतात. सिंधू संस्कृतीच्या तांब्याचा अरवलीतील खाणींशी संबंध जोडताना ही पद्धती वापरली गेली आहे. तिच्यामुळे खाणीचा माग लागतो. शिल्प केव्हा ओतले हे त्यावरून ठरत नाही.